ओळ पुरी करून ऊठ

अगं, पहिली गोष्ट आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. हातातली ओळ पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. बेल वाजू दे, कुकरची तिसरी शिट्टी होऊ दे, फोन वाजू दे. दाराशी कुरियरवाला असेल तर आतूनच "आले हं" म्हण, उरलेले टाके विण आणि मग ऊठ. पोर रडत असेल किंवा दूध उतू जात असेल तर अर्थातच सगळं टाकून धावायचं. अर्ध्या ओळीतून उठायची रीतही सांगते, पण ती अडीअडचणीपुरती.

अर्धी ओळ सोडली की दोन्ही सुयांवर टाके राहतात. पिशवीत सुया एकमेकींवरून सरकतात, टोकाचे टाके निसटतात, आणि जिथे थांबलीस तिथला टाका ताणून मोठा होतो. रात्रभर तसंच राहिलं तर धुतल्यावरही त्या जागी फट दिसते. परत काम हातात घेताना कुठली सुई कुठल्या हातात धरायची हा गोंधळ वेगळाच. चुकीच्या दिशेनं विणायला लागलीस तर एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि मध्येच पायरी पडते. याची खूण पाठ करून ठेव: गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघालेला दिसतो, ती सुई उजव्या हातात. आणि उठावंच लागलं तर टाके दोन्ही सुयांच्या मागच्या टोकांकडे सरकव आणि पुढच्या टोकांना खोडरबराचा तुकडा खोच. ते खोडरबर पिशवीत कायमचं असू दे.

हे एवढं लांबवून सांगते, कारण विणायला कुणीही शिकवतं. सुलट आणि उलट असे दोनच टाके आहेत, बाकी सगळ्या विणी त्यांच्यातूनच निघतात. थांबायचं कसं, ते कुणी शिकवत नाही. आपल्या घरांतून सलग दुपार कुणाला मिळते? पाणी यायची वेळ, इस्त्रीवाला, शाळेची बस, तुझ्या त्या ऑनलाइन मीटिंगा, संध्याकाळी दारात कुणीतरी. जो वेळ मिळतो तो असा तुकड्यातुकड्यांनी मिळतो. म्हणून काम असं निवडायचं आणि असं ठेवायचं, की ते कुठेही थांबवता यावं आणि परत घेतल्यावर विचार न करता हात चालू लागावेत. घरातल्या बाईनं विणलेला स्वेटर पुरा होतो की वर्षानुवर्षं माळ्यावर पडतो, हे याच्यावर ठरतं. हौस कमी पडल्यामुळे अर्धवट राहिलेली कामं मी फार थोडी पाहिली. "कुठे थांबले होते तेच कळेना" म्हणून सुटलेली मात्र खूप पाहिली.

मला हे शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी शिकवलं, १९६२ साली. त्या वर्षी जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मुंबईच्या नोंदींत त्याहून कमी तापमान नाही. आणि ऑक्टोबरात चीननं हल्ला केला. घरोघरी, शाळाशाळांतून जवानांसाठी लोकरीचं काम सुरू झालं. मोठ्या मुलींना स्वेटर, आम्हा लहानांना मफलर. बाईंनी आम्हाला दिलेली वीण अगदी साधी होती, सगळ्या ओळी सुलट. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: ही वीण कुठल्याही ओळीला थांबवली तरी चालते, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि काठ मुडपत नाहीत. नुसत्या सुलट-उलटच्या सपाट विणीचा मफलर केला असता तर तो दोन्ही बाजूंनी आत वळून दोरीसारखा झाला असता आणि गळ्याला ऊब मिळाली नसती. कुणाच्या गळ्यात जायचं आहे ते पाहून वीण ठरवायची, ही त्यांची शिकवण. तूही पहिलं काम सगळ्या सुलट ओळींचंच कर.

आता मोजण्याचं. ओळी मनात मोजू नकोस, मोठ्यांदा म्हण. मोजताना हाक आली तर "ओ" द्यायच्या आधी आकडा तोंडानं उच्चारायचा: "सदतीस! काय गं?" घरातली माणसं हसतील, दोन दिवसांत सवय होईल. एवढ्यावरही विसंबायचं नाही. दर दहाव्या ओळीला काठाच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवून ठेव. मग कितीही दिवसांनी काम उघडलंस तरी धागे मोजले की झालं: चार धागे आणि वर तीन ओळी, म्हणजे त्रेचाळीस. टाके घालतानाही तेच कर. दोनशे टाके घालायचे असतील तर दर वीस टाक्यांनंतर सुईवर एक धाग्याचा वेढा. चूक झाली तर वीसच मोजावे लागतात.

एका वेळी दोन कामं सुरू ठेव, तीन नको. एक लक्ष घालून करायचं, म्हणजे नक्षी, जाळी, गळ्याची घट. दुसरं नुसत्या हातांचं. पहिलं रात्री, घर निजल्यावर. दुसरं फोनवर बोलताना, डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत, गाडीत. मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जायचे तेव्हा लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका होत्या, पोथी वाचणाऱ्या होत्या आणि विणणाऱ्या तर पुष्कळ होत्या. त्या सगळ्यांच्या हातांत दुसऱ्या प्रकारचंच काम असायचं. जाळीचं काम गाडीत काढायचं नाही. घाटकोपरची गर्दी आत आली की कितवा टाका ते देवालाही सांगता येणार नाही. गाडीत लांब सरळ सुयाही नकोत, शेजारणीच्या बरगडीत जातात. वायरनं जोडलेली गोल सुई घे. तिच्यावर सपाट कामही होतं, ओळ संपली की फिरवून घ्यायचं. कोपर अंगालगत राहतं, एखादी सुई खाली पडून बाकाखाली जायची भीती नाही, आणि मोठ्या कामाचं वजन मनगटावर न येता मांडीवर येतं. गुंडा पिशवीतच राहू दे. पिशवीचं तोंड नाडीनं आवळून त्यातून नुसता धागा बाहेर घे.

सुया घेताना नंबर नीट बघ, कारण तू अमेरिकेतल्या बायकांचे व्हिडिओ बघून विणतेस. आपल्याकडे दुकानात जुनी इंग्लंडची पद्धत चालते: नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. अमेरिकेत बरोबर उलट. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तिला त्या ६ नंबर म्हणतात. आपली ६ नंबरची ५ मिलिमीटरची, तिला त्या ८ म्हणतात. त्यांच्या व्हिडिओत "१० नंबर" ऐकून तू इथून १० नंबरच्या सुया आणल्यास, तर त्यांच्या हातात ६ मिलिमीटर आणि तुझ्या हातात सव्वातीन. म्हणून नंबर सोडून दे, मिलिमीटर विचार. सुईवर कोरलेले असतात, पुसले गेले असतील तर मापाच्या भोकांची पट्टी मिळते, ती एक घेऊन ठेव.

लोकर स्टेशनजवळच्या दुकानात दसऱ्यानंतर येते आणि संक्रांतीनंतर रंग संपत जातात. बहुतेक माल लुधियानाचा. लागेल ती सगळी एकदम घे आणि प्रत्येक गुंड्यावरच्या पट्टीवर लॉटचा नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघ. एकाच रंगाचे दोन लॉट दिव्याखाली सारखे दिसतात आणि उन्हात पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या दिसतात. बाळाच्या स्वेटर-टोपी-मोजे अशा सेटला साधारण दीडशे ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला तीन-साडेतीनशे, बाह्यांच्या स्वेटरला पाचशे ते सहाशे. एक गुंडा जास्तच घ्यायचा. बहुतेक दुकानदार न उघडलेला गुंडा महिन्याभरात परत घेतात, आधी विचारून ठेवायचं.

आणि विणायला बसायच्या आधी चौकोन कर. तुम्हा मुलींना याचाच कंटाळा, म्हणून जरा हिशेब करून दाखवते. मध्यम जाडीच्या लोकरीवर, ज्याला डबल निटिंग म्हणतात, ४ मिलिमीटरच्या सुईनं साधारण १० सेंटिमीटरला २२ टाके येतात असं पट्टीवर लिहिलेलं असतं. ते कुणा दुसरीच्या हाताचं माप. तुझा हात सैल असेल तर २० येतील. आता छातीचं माप १०० सेंटिमीटर धर. पुस्तक सांगतं २२० टाके. तू २२० घातलेस तर तुझ्या हातानं ते ११० सेंटिमीटर होणार. आमच्या जावयांना चार इंच सैल स्वेटर. दोन टाक्यांचा फरक दिसायला किती लहान, बघ. म्हणून पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विण, धू, सपाट वाळव आणि मग काठ सोडून मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोज. वीस आले तर एक नंबर बारीक सुई घे. सुई बदल, हात आवळू नकोस. आवळून विणलेला हात दहा मिनिटांनी परत आपल्या चालीवर येतो, आणि तोवर मनगट दुखायला लागलेलं असतं.

आता टाका सुटला तर काय करायचं ते नीट ऐक, कारण घाबरून सगळं काम उसवणाऱ्या मुली मी बघते. टाका सुटलेला दिसला की आधी दोन्ही हात थांबव. ओढाओढ केलीस की तो ओळीओळीनं खाली उसवत जातो. काम टेबलावर सपाट ठेव, सुलट बाजू वर. सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग उजेडात बघ. त्याच्या वर आडवे मोकळे धागे दिसतील, जितक्या ओळी उसवला असेल तितके. पिन काढून क्रोशाची बारीक सुई पुढच्या बाजूनं त्या टाक्यात घाल, सगळ्यांत खालचा आडवा धागा आकड्यात पकड आणि टाक्यातून पुढे ओढून घे. एक ओळ झाली. आता त्याच्या वरचा. क्रम चुकवायचा नाही, एक धागा वगळलास तर मागच्या बाजूला फास लोंबत राहतो. वर पोचलीस की तो टाका डाव्या सुईवर चढव, आणि चढवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे राहील असं बघ, नाहीतर टाका पिळलेला येतो. मफलरसारख्या सगळ्या सुलट ओळींच्या विणीत एक धागा पुढून, त्याच्या वरचा मागून, असं आलटूनपालटून घ्यायचं. ती रांग शेजारच्यांपेक्षा जरा घट्ट दिसेल. सुईच्या टोकानं आजूबाजूच्या टाक्यांतला धागा थोडा थोडा तिकडे सरकव. धुतल्यावर तू स्वतः शोधलीस तरी सापडणार नाही.

नवा गुंडा नेहमी ओळीच्या सुरुवातीलाच जोडायचा, मध्ये गाठ मारायची नाही. धागा पुरेल की नाही ते बघायची जुनी रीत: उरलेला धागा कामाच्या रुंदीच्या चौपट भरला तर साधी ओळ पुरी होते. कमी भरला तर तिथेच सोडून नवा घे. दोन्ही टोकं वीतभर राहू देत, शिवताना शिवणीत लपवता येतात.

लहान मुलांच्या कपड्यांबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण तुझ्या हातून आधी तेच होणार.

बाह्या मनगटाकडून वर विणतात, पुस्तकात तसंच असतं. तू खांद्याकडून खाली विण. आधी पाठ आणि पुढचा भाग करून खांदे शिव, मुंढ्याच्या काठावरून टाके उचल आणि बाही खाली उतरव. माझ्या सासूबाई सगळ्या नातवंडांचे स्वेटर असेच करायच्या. पोर उंच झालं की मनगटाची पट्टी उसवायची, बाही तीन बोटं वाढवायची, परत पट्टी घालायची. एक स्वेटर तीन थंड्या जायचा. वरून खाली विणलेलं टोकाकडून सरळ उसवतं, खालून वर विणलेलं टाके घातलेल्या बाजूनं तसं उसवत नाही. यासाठी उरलेला एक गुंडा, लॉटच्या पट्टीसकट, स्वेटरबरोबर जपून ठेवायचा.

टोपडं नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मापाचं करू नकोस. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो, वर्षाचं होईतो ४५-४६. पहिल्या महिन्यात ते इतक्या झपाट्यानं वाढतं की बारशाला दिलेलं टोपडं सव्वा महिन्याला होत नाही. एक सुलट एक उलट अशी पट्टी लांब घाल, ती ताणते, आधी दुमडून वापरता येते. गळ्याशी बांधायचे लांब बंद नकोत. आपल्याकडे कुंचीला बंद लावायची पद्धत आहे, पण रांगणारं मूल कशातही अडकवून घेतं. त्याऐवजी हनुवटीखाली लहान पट्टी आणि एक बटण. बटण त्याच लोकरीनं शिवू नकोस, ती झिजते. शिवणाच्या मजबूत दोऱ्यानं शिव आणि स्वतः जोर लावून ओढून बघ.

आणि हातमोजे-पायमोजे झाल्यावर उलटे करून आतून बघायचं. रंग बदलताना आडवे सोडलेले धागे, न खोचलेली टोकं, काही म्हणजे काही लोंबता कामा नये. असा एखादा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर बोटाचं रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय हे वरून कळत नाही. म्हणून बाळाच्या कामात जाळीची वीण आणि दोन रंगांची नक्षी मी करत नाही. कितीही गोड दिसो. घरात निजवताना टोपी काढून ठेवायची हेही पुढच्या पिढीला सांग. आपल्या हवेत बाळाला गुंडाळण्यापेक्षा ते तापणार नाही हे बघणं जास्त महत्त्वाचं.

आपल्या हवेचंच म्हणशील तर बदलापूरला निदान जानेवारीत गारवा असतो, मुंबईत तोही फार दिवस नाही. तरी विणणं वाया जात नाही. नाशिक-पुण्याची माणसं आहेत, थंड देशांत गेलेली आपली मुलं आहेत. आणि आता एसीनं गार केलेल्या कचेऱ्या आहेत. पश्चिम रेल्वेवर २०१७च्या नाताळात पहिली एसी लोकल धावली, आता आपल्या लाइनवरही आहेत, आणि त्यातून तासभर येणाऱ्या मुली हातभर रुंद स्टोल मागतात. त्याला लोकर नको, सुती धागा घे. सुती धागा ताणला की परत आखडत नाही, म्हणून एक नंबर बारीक सुई वापर, काम आवरलेलं राहतं.

घाम येणाऱ्या हातांनी पांढरं काम करायचं तर आधी साबणानं हात धुऊन कोरडे कर आणि मांडीवर जुनं सुती पातळ टाक. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीला उलट: मांडीवर पांढरं कापड, म्हणजे टाके वेगळे दिसतात. गडद काम दिवसाच करायचं. डोळे एकच आहेत, स्वेटर पुष्कळ होतील. फोडणी करून आलीस तर हात दोनदा धू. तरीही हळदीचं बोट लागलंच तर एक लक्षात ठेव: साबण लागला की तो डाग लाल होतो. लाल झाला म्हणून चोळत बसू नकोस. साबण पुरता जाईपर्यंत पाण्यानं धू आणि ओलं असतानाच तेवढा भाग उन्हात धर. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, विरतो. बाकीच्या कामावर कापड झाक, कारण खरी पांढरी लोकर जास्त उन्हानं पिवळी पडते.

धुण्यात सगळ्यांत जास्त काम बिघडतं. आधी हे ठरव की धागा खऱ्या लोकरीचा आहे की ॲक्रिलिकचा. पट्टी हरवली असेल तर आतलं एक टोक कापून चिमट्यात धरून, सिंकवर, काडीपेटीनं पेटवून बघ. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. लोकर रिठ्याच्या पाण्यात धू, पाणी हाताला कोमट लागेल इतकंच, आणि खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट. गरम पाणी आणि चोळणं ही दोन एकत्र आली की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि मोठ्याचा स्वेटर लहानाचा होतो. तो परत मोठा होत नाही. पिळायचं नाही. जाड टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत चटईवर, वर जुनी चादर टाकून, मापात पसरून वाळवायचं. दोरीवर टांगलास तर पाण्याच्या वजनानं गुडघ्यापर्यंत येतो. गॅलरीत कबुतरं येत असतील तर आत पंख्याखाली. ॲक्रिलिकला धुण्याचं एवढं कौतुक लागत नाही, पण इस्त्री अजिबात नको. एकदा गरम इस्त्री टेकली की टाके चपटे, चकचकीत आणि मऊ पडतात, मनगटाच्या पट्टीत ताण उरत नाही.

ठेवण मळकी कधी करू नकोस. कसर लागते ती घामाच्या आणि खरकट्याच्या डागांपासून. धुऊन, खडखडीत वाळवून, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात बांध, आत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाल. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, आत दमटपणा धरतो. नवरात्राच्या सुमाराला ऊन तापलं की सगळं एकदा बाहेर काढून झटकायचं, घड्या बदलून ठेवायच्या. डांबरगोळ्या मोठ्यांच्या कपड्यांत ठेवल्यास तर वापरण्याआधी चांगले वाऱ्यावर टाक. बाळाच्या कपड्यांत मात्र त्या ठेवायच्याच नाहीत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच अशी उणीव असते की त्या वासानंही त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. कुणाच्या बाळाला आहे हे वरून कळत नाही, म्हणून कुणालाच नको.

जुना स्वेटर फेकायच्या आधी शिवण बघ. शिवण टाक्यांच्या काठाला असेल तर उसव. कापड कापून शिवलेला असेल तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हाती येतो, त्याला वेळ घालवू नकोस. उसवलेला धागा कुरळा असतो. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी कर, चार जागी सैल बांध, कोमट पाण्यात बुडव आणि खाली हलकंसं वजन लावून टांग. सरळ होतो. कुरळ्या धाग्यानंच विणायला बसलीस तर टाके लहानमोठे येतात.

गळ्याचे टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घे, नाहीतर डोकं जात नाही. हे वाक्य तुझ्या आईला मी दर स्वेटरला सांगितलं आहे.

कुणी विणून मागितलं तर रंग आणि माप आधी विचार, आणि "कधी देशील" याला तारीख सांगू नकोस, "थंडीच्या आधी" म्हण. देताना बरोबर तीन गोष्टी पाकिटात घाल: धाग्याचे दोन-तीन हात, एक जास्तीचं बटण, आणि कसं धुवायचं ते तुझ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. किंमत विचारली तर लोकरीची सांग. हातांची सांगायची असेल तर ती मनापासून आणि आधीच सांग, दिल्यानंतर नाही.

अर्ध्या तासानं सुया खाली ठेवून बोटं उघडझाप कर, मनगट दोन्हीकडे फिरव, खिडकीतून लांबचं काहीतरी बघ. कोपराखाली उशी घे. उजेड डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मी हे नव्यानं बसवून घेतलं. तू आतापासून बसव.

रविवारी दुपारी ये. जेवून ये म्हणत नाही, जेवायलाच ये. ४ मिलिमीटरची गोल सुई आण, डबल निटिंगचे दोन गुंडे आण, फिक्या रंगाचे, म्हणजे टाके दिसतील. काळे आणि मखमलीसारखे लवदार तर मुळीच आणू नकोस, त्यात सुटलेला टाका डोळ्यांना सापडत नाही. येताना गाडीत उभं राहावं लागलं तर सुया बाहेर काढू नकोस. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन घरीच विणून, धुऊन, वाळवून आण. टाके आपण दोघी मिळून मोजू, आणि मग जावयांच्या छातीचं माप घेऊ.